चार डोकी, एक दुपार

कथा चौथ्यांदा परत आली तेव्हा तिनं पाकीट फोडलंसुद्धा नाही. हातात घेतल्याबरोबरच कळलं. पाकीट जाड होतं, म्हणजे सगळी पानं आत होती, म्हणजे नकार. होकाराचं पाकीट पातळ असतं. तसं तिला आयुष्यात दोनदाच आलं होतं.

कोर्टात तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. सत्तावीस वर्षं ती एकाच खोलीत, न्यायाधीशांच्या उजव्या हाताला बसून साक्षीदारांच्या साक्षी टाइप करत होती. आधी खटखट वाजणाऱ्या मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. घरी ती तिघा भावंडांत धाकटी, म्हणून छोटी. बावन्नाव्या वर्षीही छोटीच. आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा संपवून उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत, ती कथा लिहायची. शाळेपासूनचा नाद. त्याचं कौतुक एकट्या दादाला होतं, तिच्या थोरल्या भावाला. बाकी घरानं तो नाद सर्दीसारखा धरला होता: येते, जाते, कुणी मरत नाही.

ही कथा मात्र जात नव्हती. दोन वर्षं झाली होती तिला.

सुरुवात एका साध्या खटल्यापासून झाली. शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवणारा रंगारी, मागे येणारा टेम्पो, शिडीला धक्का, रंगाऱ्याचा हात मोडला. साक्षीदार चार. चौघं चार वेगळे अपघात सांगून गेले आणि खोटं त्यांतलं कुणीच बोलत नव्हतं. टेम्पोवाल्याला शिडी रस्त्यात दिसली होती, दुकानदाराला टेम्पो फुटपाथवर दिसला होता. तिनं चौघांचं टाइप केलं, खाली सह्या घेतल्या आणि घरी चालत जाताना तिच्या मनात आलं, आमच्या घरातली ती दुपार अशीच लिहायला हवी. प्रत्येकाच्या डोक्यात शिरून.

ती दुपार अकरा वर्षांपूर्वीची होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना काही आठवेनासं झालं होतं. विकून टाकलेलं दुकान उघडायला म्हणून ते उठसूट बाहेर निघायचे. म्हणून दादाच्या घरी, जिथं आई-बाबा राहत, दाराला वर एक जास्तीची कडी बसवली होती. त्या दिवशी वहिनी कामावर गेली होती, दादाची रजा होती. ताई, मधली बहीण, हॉस्पिटलात नर्स, बाबांना बघायला आली होती. दोनच्या सुमारास ती निघाली आणि जाताना दादाला सांगून गेली, "वरची कडी लावून घे रे." आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कडी लागली नाही. बाबा बाहेर पडले. संध्याकाळी सहाला एस.टी. स्टँडच्या शेवटच्या बाकावर सापडले, पायात चप्पल नाही, अंगात नुसता गंजीफ्रॉक, आणि हवा अशी गार की बाक हाताला बर्फासारखा लागत होता. ताप आला, तो छातीत उतरला. सतराव्या दिवशी बाबा गेले.

"माझा डोळा लागला होता," एवढंच दादानं सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून ताई त्याच्याशी बोलत नव्हती. आई गेली त्या दिवशीसुद्धा दोघं एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होते.

कथेचा पहिला खर्डा तिनं जोशात लिहिला. एकाच परिच्छेदात आईच्या मनातून ताईच्या मनात, तिथून दादाच्या. मासिकाच्या संपादकांनी समासात लाल शाईनं लिहून पाठवलं: "वाक्य आईनं सुरू केलं आणि दादानं संपवलं. मी कुणाच्या घरात आहे?"

दुसऱ्या खेपेला तिनं तीन भाग पाडले. आई, ताई, दादा, प्रत्येकाच्या नावाचा मथळा. उत्तर आलं: "घरं वेगळी झाली, पण भाषा एकच. तिन्ही माणसं पिंजऱ्यात उभी राहून साक्ष देतायत. 'मी त्यावेळी गच्चीवर होते व मला काहीही ऐकू आले नाही.' आई असं बोलते का?"

हे तिला फार लागलं, कारण ते खरं होतं. सत्तावीस वर्षं तिनं माणसांचं बोलणं सरळ करून टाइप केलं होतं. रडत, अडखळत, शिव्या देत आलेला माणूस तिच्या बोटांतून गेला की इस्त्री होऊन बाहेर पडायचा. आता आईचं बोलणं आठवायला गेली तरी तिची बोटं आईलाही इस्त्री करत होती.

तिसऱ्यांदा तिनं हात टेकले आणि सगळी कथा एकट्या ताईच्या नजरेतून लिहिली. नवराही तेच म्हणत होता. "एकीलाच बोलू दे ना. बाकीच्यांना सुट्टी दे. तुलाही सुट्टी, मलाही."

कथा सुरेख उतरली. सरळ, घट्ट, कुठं अडखळण नाही. तिनं वाचली आणि तिला घाम फुटला. दादा त्यात राक्षस झाला होता. बाप भटकतोय आणि हा घोरतोय. मग तिनं तीच कथा दादाच्या नजरेतून लिहून पाहिली, तर ताई कजाग झाली. ज्याच्या डोक्यात शिरावं तो खरा, आणि बाकीचे पुठ्ठ्याचे. तिनं दोन्ही पाठवल्या नाहीत. पुन्हा तीन भाग, पुन्हा नकार. पुन्हा तीन भाग, वेगळ्या क्रमानं, पुन्हा नकार. यावेळी पाकीट न फोडताच ती संपादकांच्या ऑफिसात गेली.

ऑफिस म्हणजे छापखान्यावरची एक खोली. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरायचा. संपादक साठीचे, कानावर पेन्सिल.

"बाई, तुम्ही हट्ट का करता?" ते म्हणाले. "सात पानांची कथा. वाचक एका डोक्यात जाऊन चपला काढतो न काढतो, तोच तुम्ही त्याला उठवता, चला, आता पुढच्या घरी."

"पण ती गोष्ट एकाची नाहीच आहे."

"मग कादंबरी लिहा."

"एका दुपारची कादंबरी?"

"मग प्रत्येकाला बोलावण्याचं कारण द्या. प्रत्येक जण असं काहीतरी सांगू दे जे दुसऱ्याला ठाऊकच नाही. तुमचे तिघं तीच गोष्ट तीनदा सांगतात. कडी लागली नाही, कडी लागली नाही, कडी लागली नाही. मला पहिल्यांदाच कळलं होतं हो."

ती जिना उतरली ती दात खात. सगळ्यात जास्त राग याचा आला की म्हातारा बरोबर बोलत होता. तिच्याजवळ तिघांचं वेगळं असं काही नव्हतंच. घरात जी गोष्ट ठरून गेली होती तीच तिनं तिघांच्या तोंडी घातली होती. विचारलं कुणालाच नव्हतं.

म्हणून ती विचारायला निघाली. आधी ताईकडे.

ताई ड्युटीवरून येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. "लिही, लिही," ती म्हणाली. "मी कडी लावायला सांगितलं होतं हे लिही. दोनदा सांगितलं होतं."

"एकदा म्हणाली होतीस आधी."

"आता दोनदा आठवतंय."

"बरं, निघताना तुझ्या मनात काय होतं?"

"मनात काय असायचंय? बस चुकेल हे होतं." ताईनं टॉवेल घेतला. "हे लिहू नकोस. बाई घाईत होती म्हणतील."

दादाकडे तर तेवढंही निघालं नाही. तो रिटायर झाला होता. समोर पेपर धरून बसला होता, तसाच पेपरातून म्हणाला, "माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तू लिहिणार? माझं मला धड माहीत नाही. दुसरं काहीतरी लिही ना. जग एवढं मोठं आहे."

"दादा, एवढंच सांग. डोळा कधी लागला? ताई गेल्या गेल्या, की मागनं?"

"छोटे, चहा घे आणि जा."

तिला कधी नव्हे ते त्याच्यावर चीड आली. जो माणूस तिची प्रत्येक कथा पहिल्यांदा ऐकायचा, तोच आता तोंड शिवून बसला होता. तिनं घरी जाऊन दादाचा भाग रागारागानं लिहून काढला. आरामखुर्चीत पसरलेला दादा, छातीवर पेपर, उघडं तोंड, घोरण्याचा आवाज. पुढच्या रविवारी तिनं ती पानं त्याच्या हातात दिली. "वाच. चूक असेल तर सांग. नाहीतर हेच छापून येईल."

दादानं चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी घोरत नव्हतो," तो म्हणाला.

"बरं, घोरणं काढते."

"खुर्चीतही नव्हतो."

"मग कुठं होतास?"

त्यानं पानांची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "राहू दे. तसंच राहू दे. झोपला होता, घोरत होता. छाप."

तेवढ्यात वहिनी ओले हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आता तरी सांगा," ती दादाला म्हणाली. "अकरा वर्षं ऐकतेय मी. ताईंचं ऐकलं, नातेवाइकांचं ऐकलं. आता छापील ऐकायचं?"

"तू गप्प बस."

"नाही बसणार." वहिनी तिच्याकडे वळली. "झोपले नव्हते हे. आतल्या खोलीत फोनवर होते. चार्जरची वायर हातभर होती, तिथून हलता येत नव्हतं. कुणाशी बोलत होते, विचार."

तिनं विचारलं नाही. दादाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझी गोष्ट ऐकत होतो," दादा म्हणाला. "त्या पोस्टमनची."

पोस्टमनची कथा. तो फोन तिला आठवत होता. बाबा हरवले त्याच दिवशी केला होता हेही आठवत होतं. पण तिच्या मनात तो सकाळी जाऊन बसला होता. सकाळी दादाला कथा वाचून दाखवली, दुपारी बाबा हरवले. दोन वेगळ्या गोष्टी. आता बसल्या जागी तिच्या लक्षात आलं की ते शक्यच नव्हतं. कोर्ट सुरू असताना तिला फोन हातात धरता येत नव्हता. ती फोन करायची ती फक्त जेवणाच्या सुट्टीत. आणि सुट्टी व्हायची दोनला.

"ताई बाहेर पडली," दादा सांगत होता, पेपरातून नव्हे, तिच्याकडे बघून. "मी कडी लावायला उठलोच होतो. तुझा फोन वाजला. म्हटलं, घेतो आणि लावतो. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस, सलग ऐक. मग दार वाजल्यासारखं झालं. मला वाटलं, ताई डबा विसरली. मी 'थांब जरा' म्हणालो. तू म्हणालीस..."

"शेवटचंच पान आहे," ती म्हणाली.

"हो."

वहिनीनं पदराला हात पुसले.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी तिचा आवाज फुटला, आणि त्यात रडण्यापेक्षा राग जास्त होता. "अकरा वर्षं! ताईच्या शिव्या खाल्ल्यास. मी कधी विचारलं नाही, पण तू सांगायचंस ना!"

"सांगून काय होणार होतं? एका दोषीचे दोन झाले असते. आणि फोन ठेवायचा मीच होता. तू काय माझा हात धरला होतास?"

"दादा, मी गेली दोन वर्षं सगळ्यांच्या डोक्यात शिरतेय."

"मग? मिळालं ना आता काहीतरी? लिही." आणि त्यानं खरोखरच पेपर उचलला.

तो पेपर उचलणं तिला आठवडाभर सलत राहिलं. तिला त्याच्या पाया पडायचं होतं आणि त्याचा पेपर फाडायचाही होता. रोज इतरांच्या उलटतपासण्या टाइप करणाऱ्या बाईनं स्वतःला साधी वेळ विचारली नव्हती. कोर्टात त्या आठवड्यात तिच्याकडून तीन चुका झाल्या. एका साक्षीत तर साक्षीदाराच्या नावाच्या जागी "मी" पडलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, रजा हवी का?"

तिनं रजा घेतली. सहा दिवस ती जेवणाच्या टेबलावर बसून होती. आता लिहिणं सोपं व्हायला हवं होतं, पण उलटंच झालं. तीन भाग झरझर झाले. ताईच्या भागात बस चुकण्याची घाई आली. दादा आतल्या खोलीत, हातभर वायरला बांधल्यासारखा उभा राहिला. आई गच्चीवर होती, आणि तिला खालच्या रस्त्यावर गंजीफ्रॉकातला एक म्हातारा पाठमोरा दिसला, ओळखू मात्र आला नाही. हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. पण आई नंतर गच्चीवर जायचीच बंद झाली होती, कपडे खिडकीत वाळत घालायची, एवढं तिला माहीत होतं.

अडलं ते चौथ्या भागापाशी. "ती" लिहिलं की ती दुसरीच कुणी बाई व्हायची, जरा बरी, जरा बिचारी. "मी" लिहिलं की सफाई द्यायला लागायची: मला काय माहीत, मला कुणी सांगितलं. तिनं तो भाग नऊ वेळा फाडला. नवरा टोपली रिकामी करायचा आणि काही बोलायचा नाही, हे त्याचं त्यातल्या त्यात भलं. दहाव्यांदा तिनं फक्त फोन लिहिला. एक बाई डबा बाजूला सारते, फोन लावते, कथा वाचते. पलीकडून "थांब जरा" येतं. ती म्हणते, शेवटचंच पान आहे. आणि वाचते. वाचताना खूश असते. एवढंच.

संपादकांनी ती कथा तिच्यासमोरच वाचली. खाली मशीन चालू होतं. शेवटच्या पानावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि तिला वाटलं, झालं एकदाचं.

"आता जमलंय," ते म्हणाले. "आई तर फारच छान. पुढच्या अंकात घेतो. एकच करा, हा चौथा भाग काढा."

"काय?"

"तिघं त्या घरात आहेत. ही फोनवरची बाई शेवटी मध्येच कुठून आली? वाचक गोंधळतो. फोन कुणाचा होता हे दादाच्या भागात एका ओळीत येतंच आहे. आणि पानंही सातात बसतील."

"तो भाग नसेल तर कथाच नको."

"बाई, दोन वर्षं तुम्ही माझ्या मागे लागला होतात. आता मी हो म्हणतोय."

"तुम्हीच म्हणाला होतात, प्रत्येकानं दुसऱ्याला ठाऊक नाही ते सांगावं."

"सांगितलं ना दादानं!"

"फोन आला ते दादानं सांगितलं. मी खूश होते, ते त्याला कुठं माहीत आहे?"

तोंडातून "मी" गेलं ते दोघांच्याही एकदम लक्षात आलं. संपादक तिच्याकडे बघत राहिले. मग खाली बघून पानं नीट जुळवली आणि तिच्याकडे सरकवली. "माफ करा," ते म्हणाले. "पण संपादक म्हणून माझं मत तेच आहे."

ती पानं घेऊन बाहेर पडली. रस्त्यावर येऊन तिनं आधी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या, मग स्वतःला. काढला असता तो भाग तर छापून आली असती. कुणाला कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी तिनं पानांची झेरॉक्स काढली आणि ताईला नेऊन दिली. तोंडानं सांगायची तिची छाती नव्हती.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "हे खरं आहे?"

"हो."

"फोन तू केला होतास."

"हो."

"आणि मी त्याला अकरा वर्षं... आई गेली तेव्हासुद्धा..." मग ताईचा आवाज एकदम कडक झाला. "आणि तू हे मला कागदावर देतेस? गोष्ट करून? समोर बसून सांगता येत नव्हतं?" फोन बंद झाला.

त्यानंतर ताई तिच्याशी बोलेनाशी झाली. मात्र त्याच रविवारी ती दादाकडे गेली. हे वहिनीनं कळवलं. दोघं बाबांनी त्या दिवशी चप्पल घातली होती की नव्हती यावरून कडाकडा भांडले, आणि ताई जेवून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. एवढं घडवून आणलं कुणी, तर छोटीनं; आणि तिलाच तिथं बोलावणं नव्हतं. ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याबरोबर असा काही संताप आला की तिनं वहिनीचा फोन चालू असतानाच कुकरचं झाकण सिंकमध्ये आपटलं.

तीन महिन्यांनी ती न बोलावता गेली. दार वहिनीनं उघडलं. आत सोफ्यावर दादा आणि ताई शेजारी शेजारी बसून दादाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवरून वाद घालत होते. तिला पाहून दोघं थांबले. ताईची नजर आधी तिच्या तोंडावर गेली, मग हातातल्या पिशवीवर.

"त्यात काही लिहिलेलं असेल तर आत्ताच सांगते," ताई म्हणाली, "इथं वाचायचं नाही."

"संत्री आहेत," ती म्हणाली.

सोफ्यावर तिसऱ्याला जागा होती, पण ताई सरकली नाही. दादानं पेपर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. शेवटी वहिनीनं आतून एक खुर्ची आणून दारापाशी ठेवली. ती तिथं बसली, आणि गोळ्यांचा वाद जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू झाला.